चिंच, हळद आणि ट्रॅव्हर्टाइन

वास्तुशांतीच्या आदल्या संध्याकाळी आईने देव घासायला काढले. नव्या घरात, नव्या देवघरासमोर, पण पद्धत जुनीच. ताम्हणात भिजवलेली चिंच, चिमूटभर मीठ आणि शेजारी पाण्याचा तांब्या. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, घंटा, समई, सगळं लखलखीत झालं. तिने ताम्हण उचललं, फरशी ओल्या फडक्याने पुसली आणि उद्याच्या स्वयंपाकाची तयारी करायला निघून गेली.

सकाळच्या उजेडात दिसलं ते वर्तुळ. ताम्हणाच्या बुडाएवढं, एकदम गोल. बुडाखाली चिंचेचं पाणी साचलं होतं, ते रात्रीपुरतं दिसलं नव्हतं. तो डाग होता असंही म्हणता येत नव्हतं, कारण डाग गडद असतो. इथे उलट होतं, तेवढ्या जागेची चमकच गेली होती. बोट फिरवलं तर खरखरीत लागत होतं.

दादाने पाहिलं आणि तो सगळ्यांसमोर आईवर ओरडला. "आई, हा इम्पोर्टेड दगड आहे, धुण्याचा धोंडा नाही!" मंडपवाला, आचारी, दोन मावश्या, सगळे होते. आई काहीच बोलली नाही. तिने आतून सतरंजी आणली आणि त्या वर्तुळावर अंथरली. पूजा त्या सतरंजीवर झाली.

मी गप्प बसले, त्याला कारण होतं. ट्रॅव्हर्टाइनच्या हॉलचा तो रील दादाला मीच पाठवला होता.

आमचं गाव शेगाव तालुक्यात, घाटाखाली, पूर्णेच्या बाजूला. बुलडाणा जिल्ह्यातल्या माणसाला 'घाटाखाली' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. काळी कपाशीची जमीन आणि खारं पाणी. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. पाणी तापवायच्या पातेल्याला आतून पांढरा थर चढतो, नळाच्या तोंडावर पांढऱ्या मिशा येतात. आमच्याकडे त्याला सरळ 'क्षार' म्हणतात.

अशा गावात दादाने ट्रॅव्हर्टाइन आणला. तो हिंजवडीत नोकरी करतो, मीही पुण्यातच. जुनं मातीचं, धाब्याचं घर पाडून नवं बांधायचं ठरलं तेव्हा बाबा नव्हते. आई एकटीच राहणार होती तिथे. आम्ही दोघं सणावाराला जाणार, पण टाइल कुठली, रंग कुठला, देवघर कुठे, हे आम्हीच पुण्यात बसून ठरवलं. आईला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. तिने सगळ्या फोटोंना एकच उत्तर दिलं, "चांगलं हाय." ते आम्ही होकार म्हणून घेतलं.

वास्तुशांतीनंतर दादा परत गेला आणि मी वर्क फ्रॉम होम घेऊन दोन आठवडे थांबले. तेव्हा लक्षात आलं की आई हॉलमध्ये येतच नाही. चहा मागच्या ओट्यावर. भाजी निवडायला मागचा ओटा. शेजारच्या काकू आल्या की त्यांनाही मागच्या दारानेच बोलवायची. देव घासायला ती देव टोपलीत घालून मागे न्यायची आणि घासून परत आणून ठेवायची. हॉलमध्ये दोनदा यायची, सकाळी दिवा लावायला आणि संध्याकाळी दिवा लावायला. दोन्ही वेळा पदर सावरून, तेलाचा थेंब पडू नये म्हणून समईखाली हात धरून. स्वतःच्या घरात ती पाहुण्यासारखी वावरत होती.

मग मी रात्री जागून वाचायला बसले. रील पाठवण्याआधी जे वाचायला हवं होतं ते.

ट्रॅव्हर्टाइन हा चुनखडकाच्या जातीचा दगड. झऱ्याच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे ते पाणी किंचित आंबट होतं आणि जमिनीखालचा चुनखडक आपल्यात विरघळवून घेतं. ते वर येऊन मोकळ्या हवेला लागलं की वायू उडून जातो आणि विरघळलेला चुना पुन्हा घट्ट होऊन थरावर थर बसतो. शेवाळ, गवताच्या काड्या, वायूचे बुडबुडे त्या थरांमध्ये अडकतात. पुढे ते कुजतात, विरतात आणि दगडात भोकं राहतात. ट्रॅव्हर्टाइनची ती ओळखीची जाळी म्हणजे ही भोकं. रोमजवळच्या तिवोली गावात हा दगड हजारो वर्षं निघतो आहे. इ. स. ८० मध्ये खुलं झालेलं कोलोसियम याच दगडाचं. तुर्कस्तानातल्या पामुक्कले इथल्या पांढऱ्या पायऱ्यापायऱ्यांच्या कुंडांचे फोटो तुम्ही नक्की पाहिले असतील. तो ट्रॅव्हर्टाइन अजून तयार होतो आहे.

म्हणजे मुळात कॅल्शियम कार्बोनेट. आणि कॅल्शियम कार्बोनेटवर आम्ल पडलं की काय होतं, हे आपण सगळे शाळेत शिकलो होतो. आमच्या वर्तुळातून काही निघत नव्हतं, कारण तिथे काही लागलेलंच नव्हतं. चिंचेने दगडाचा वरचा पापुद्रा खाल्ला होता. पुसून जाणार नाही, घासून जाणार नाही. लिंबू, दही, टोमॅटो, व्हिनेगर, कोल्ड्रिंक, सगळ्यांचं तेच. पंचामृतातही दही असतंच. देवघरासमोर हा दगड बसवताना आमच्यापैकी कुणालाही हे सुचलं नव्हतं.

सकाळी आईला हे सगळं समजवायला बसले. पीएच न्यूट्रल क्लीनर, सीलर, एचिंग. ती ऐकत होती, म्हणजे मान हलवत होती. मग म्हणाली, "म्हणजे कडप्प्यावानीच ना?"

मी थांबले.

"जुन्या घरचा ओटा आठव ना. निंबू पिळलं त्या जाग्यावर पांढरं पांढरं पडलं होतं. तुह्या बाबानं नवा ओटा केला तवा कसा काया कुयकुयीत होता. मी लोणचं घातलं अन् गेली चमक."

आठवत होता. काळा कडप्पा आणि गॅसशेजारी हातभर फिकट जागा. आंध्रातल्या कडप्प्याहून येणारा तो काळा दगडही चुनखडकच असतो, हे मला आदल्या रात्री कळलं होतं. पडवीतली शहाबादी फरशी कलबुर्गी (पूर्वीच्या गुलबर्गा) जिल्ह्यातल्या शहाबादची, तीही चुनखडकच. मागच्या ओट्यावरचा हिरवट कोटा राजस्थानातून येतो, तोही. आई आयुष्यभर याच जातीच्या दगडांवर वावरली होती. फरक एवढाच की शहाबादीकडून कुणी चमकेची अपेक्षा केली नव्हती. तिच्यावर लोणची सांडली, बाळंतिणीची न्हाणी झाली, पोरांनी चिंचा खाल्ल्या, आणि दगडाला जे काही झालं ते खरखरीत अंगात मुरून गेलं. आम्ही मात्र आरशासारखं पॉलिश केलेला दगड आणला आणि त्याच्यासमोर तिला उभं केलं.

तिला पटलं होतं, पण एक शंका होती. "एवढा महागाचा गोटा चिंचेनं कसा खराब होईन?" मग आम्ही प्रयोग केला. मिस्त्रीने सोडलेला ट्रॅव्हर्टाइनचा एक तुकडा आणला आणि शेजारी पाणी तापवायचं ते जुनं पातेलं ठेवलं, आतून पांढरा थर चढलेलं. दोन्हीवर अर्धं अर्धं लिंबू पिळलं. दोन्हीकडे बारीक बुडबुडे आले. पातेल्यात जास्त, दगडावर कमी, पण दोन्हीकडे.

आईने पातेल्यात बोट घातलं, मग तुकड्यावर. "म्हणजे हा क्षारच हाय," ती म्हणाली. "आपल्या नयाले लागते तोच."

मला हे सुचलं नव्हतं. रात्रभर वाचूनही नाही. पाण्यातला चुना, त्यातून उडून जाणारा वायू आणि मागे राहणारा पांढरा थर. पातेल्यात उष्णतेने होतं ते झऱ्याच्या काठावर हवेने होतं, फार हळू. ज्या क्षाराला आई तीस वर्षं शिव्या देत खरवडत होती, त्याचाच थोरला भाऊ दादाने पैसे मोजून आणला होता. ती हसायला लागली. वास्तुशांतीनंतर पहिल्यांदा.

त्यातून पुढची गोष्ट आपोआप समजली. नळावरचा क्षार घालवायला आमच्याकडे प्रत्येक बाथरूममध्ये ॲसिडची बाटली असते. जे क्षाराला घालवतं ते या दगडालाही घालवणार. पीएच वगैरे सांगायची गरजच उरली नाही. "ज्याच्यानं पातेलं साफ होते ते फरशीले लावाचं नाही." हा नियम आईने केला आणि मला आजवर यापेक्षा सोपा नियम कुठेही वाचायला मिळालेला नाही.

दुसरा डाग दाराशी होता. पूजेच्या दिवशी उंबऱ्याजवळ हळद सांडली होती आणि पिवळा पट्टा दगडात शिरला होता. हा खरा डाग, दगडाच्या बारीक छिद्रांत मुरलेला. मी वाचलं होतं की खायच्या सोड्याची घट्ट पेस्ट लावून वर प्लॅस्टिक चिकटवून ठेवायची, ती सुकताना डाग ओढून घेते. तेलाच्या डागासाठी हा उपाय खरंच चालतो. मी मोठ्या आत्मविश्वासाने हळदीवर सोडा थापला. पाच मिनिटांत पट्टा लालभडक.

माझ्या पोटात गोळा आला. आई दारात उभी राहून बघत होती. "काऊन व," ती म्हणाली, "हयदीले सोडा लावला तं कुकूच होईन ना! कपड्यावरच्या हयदीले साबण लावल्यावर काय होते, पाह्यलं नाही का कधी?"

पाहिलं होतं. जोडलं नव्हतं. मी लगबगीने सगळं पुसून साध्या पाण्याने धुतलं, लाल जाऊन पिवळं परत आलं. "आता हात लावू नोको," आई म्हणाली. "ऊन येते तिथं. ऊनच खाईन त्याले." हळदीचा रंग उन्हाने उडतो, हे प्रत्येक घरातल्या साड्यांना माहीत असतं. दारातून सकाळचं ऊन त्या पट्ट्यावर रोज तासदोन तास पडायचं. दोन महिन्यांनी मी परत गेले तेव्हा जागा शोधावी लागली.

मी निघण्याआधी आम्ही दोघींनी मिळून घराच्या रीती ठरवल्या. चपला बाहेर, हे आधीपासून होतंच, पण आता कारण कळलं. हा दगड मऊ असतो आणि वाळूचा कण त्याच्यापेक्षा कितीतरी कठीण, त्यामुळे तळव्याखाली आलेला एक कणही चरा पाडतो. म्हणून आधी कोरडा झाडू, मग पोछा. पोछा घट्ट पिळून आणि पाणी धरणाचं, बोअरचं नाही. आई आधी पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओमधून बाहेर पडणारं पाणी बादलीत धरून त्याने फरशी पुसायची. खारपाणपट्ट्यात ते पाणी म्हणजे बोअरपेक्षाही खारट, सुकलं की फरशीवर पांढुरकी साय. ते आता संडासात ओततात. फिनाइल आणि लिंबाच्या वासाचे फ्लोअर क्लीनर बंद. अगदीच चिकट झालं तर बादलीभर पाण्यात भांड्याच्या साध्या लिक्विडचे दोन थेंब, मग स्वच्छ पाण्याने पुसून कोरडं करायचं. काही सांडलं तर घासायचं नाही, टिपायचं. घासलं की पसरतं.

आणि सीलर. हे एक औषध असतं, दगडाच्या छिद्रांत शिरून बसतं. त्याने हळद-तेल मुरायला वेळ लागतो, पुसायला सवड मिळते. पण चिंचेपासून ते वाचवत नाही, कारण चिंच मुरत नाही, वरचा थरच खाते. दुकानदार हा फरक सहसा सांगत नाहीत. सीलर उरला आहे का ते बघायला पाण्याचे चार थेंब टाकायचे. मण्यासारखे उभे राहिले तर ठीक, दगड ओला होऊन गडद दिसायला लागला तर पुन्हा लावायची वेळ झाली. आई हे दर महिन्याला करते. मला फोटो पाठवते, खाली लिहिते, "मणी उभे हाय."

दादा यातलं काही ऐकायला तयार नव्हता. त्याच्या मते आईने काळजी घ्यायला हवी होती, विषय संपला. तो संपला दिवाळीत.

व्हरांड्याच्या पायऱ्या वाढवायचं काम निघालं होतं. मिस्त्रीने प्लास्टर केलं आणि व्हरांड्यातल्या ट्रॅव्हर्टाइनवर सिमेंटचे शिंतोडे उडाले. संध्याकाळी दादाचा व्हिडिओ कॉल आला. मी तिथेच होते. मिस्त्री म्हणाला, "साहेब, ॲसिड मारून देतो, दोन मिनिटात चकाचक." सगळ्या साइटवर हेच करतात. दादा म्हणाला, "हो, करून टाका."

मिस्त्रीने बाटलीचं बूच फिरवलं तेवढ्यात आई आतून आली. "थांब भाऊ." तुळशीच्या कुंडीमागून तिने तोच तुकडा आणला, लिंबाचा. जपून ठेवला होता. पायरीच्या कडेला मातीत ठेवला. "याच्यावर टाक बरं पह्यले."

त्याने टाकलं. तुकडा दुधासारखा उतू आला. फेस खाली मातीत गेला तेव्हा दगडावर बोट जाईल असे खड्डे होते. मिस्त्री म्हणाला, "बाप्पा!" त्याने मुकाट्याने बूच लावलं. मग त्याने आणि आईने ओल्या पोत्याने भिजवून, लाकडाच्या चिपेने ते शिंतोडे एकेक करून काढले. दीड तास लागला. फोन मी खांबाला टेकवून ठेवला होता, दादाने कॉल कट केला नाही.

नंतर तो आईला काय म्हणाला ते मला माहीत नाही. त्याने तिला वेगळा फोन केला. माफी वगैरे मागितली असेल असं वाटत नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही. पण भाऊबीजेला आला तेव्हा त्याने हॉलमधली सतरंजी उचलली आणि घडी करून कपाटात ठेवली.

वर्तुळ अजून आहे. पॉलिशवाल्याला बोलावलं तर तो डायमंड पॅड लावून तेवढी फरशी पुन्हा घासून देईल. खरं तर आता कळतं आहे की आमच्यासारख्या घरात मुळात चमकणारा दगड घ्यायलाच नको होता. होन्ड फिनिश मिळतो, म्हणजे नुसता घोटलेला, चमक नसलेला. त्यावर असे व्रण दिसतात, पण डोळ्यात खुपत नाहीत. भोकं भरून घेतलेलीच बरी, नाहीतर आमच्याकडची काळी धूळ त्यात घर करते. तळमजल्यावर बसवायचा तर खालून ओल येणार नाही याची सोय आधी करायची. जुन्या घराच्या भिंतींना लोणा लागून पोपडे पडायचे, ते खारं पाणी दगडालाही सोडणार नाही. आणि सगळ्यात आधी, त्या घरात जो राहणार आहे त्याला विचारायचं. फोटो पाठवून नाही. एक तुकडा हातात देऊन, त्यावर लिंबू पिळून.

पॉलिशवाल्याचा विषय दादानेच काढला होता. आई म्हणाली, "राहू दे. ताम्हण ठेवाले जागा झाली."

आता ती देव हॉलमध्येच घासते. वर्तुळावर आधी जुनं टॉवेल, त्यावर स्टीलची परात, परातीत ताम्हण. चिंच तीच.